चिठ्ठी पास झाल्याशिवाय वही नाही

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपसूक साचतात. मी गेली अठरा वर्षं रोज डायरी लिहितो. किती वाजता उठलो, कावेरीला पाणी किती होतं, आडुतुरैची बस किती मिनिटं उशिरा आली, संध्याकाळी कोण भेटलं. सगळं नीट, तारीखवार. किस्सा म्हणून मी एकही ओळ लिहिलेली नाही. पण परवा वाळवीच्या भीतीने जुन्या डायऱ्या उन्हात टाकल्या, आणि चाळता चाळता पाहतो तर काय, बसच्या वेळा आणि नदीचं पाणी यांच्या मधे मधे ही सगळी माणसं दडून बसलेली!

डायऱ्या बाहेर काढायला निमित्त झालं माझ्या भाच्याचं. तो अमेरिकेत कॉम्प्युटरचं काम करतो. सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "मामा, हल्ली इंटरनेटवर कोणीही स्वतःचं पान उघडतो आणि मनाला येईल ते लिहितो. सगळं जग वाचतं! तुम्ही एवढं लिहिता, तुम्हीही उघडा ना एक."

मी विचारलं, "कोणासाठी? आणि कशासाठी?"

तो कपाळाला हात लावून हसायला लागला. "मामा, तुम्ही अजून तात्यांच्या डब्यातच आहात!"

आहे खरा.

*

तात्या म्हणजे सेतुमाधवराव. तार ऑफिसातून रिटायर झालेले तारमास्तर. आमच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराला रस्त्यालगत ओटा. तमिळमध्ये त्याला तिण्णै म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. आम्हा पाच-सहा मराठी घरांची संध्याकाळ त्या तिण्णैवर व्हायची.

आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे कुंभकोणमला आले आणि इकडेच राहिले. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. शाळाही तमिळ. त्यामुळे मराठी बोलायला सगळ्यांना येतं, लिहायला फार थोड्यांना. मी देवनागरी शिकलो ती हिंदीच्या परीक्षेच्या पुस्तकावरून, एकट्याने, बसमध्ये. आडुतुरैला भाताच्या बियाण्यांच्या कोठारात मी पाकिटांवर चिठ्ठ्या लिहिण्याचं काम करतो. वाण कुठला, कुठल्या वाफ्यातला, कधी काढला. त्यामुळे अक्षर बरं आहे.

पंच्याऐंशीच्या आसपास कोणीतरी म्हणालं, आपली लिहायची सवय मोडत चालली आहे, आपण एक फिरती वही काढू. एक जाड वही, घरोघर फिरणार, प्रत्येक घरी चार दिवस. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावं.

तात्या म्हणाले, "जे सुचेल ते? मग वही नको, कचऱ्याची टोपली फिरवा!"

आणि त्यांनी त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली.

तिरुनीलक्कुडीचा एक शेतकरी तार करायला आला. फॉर्म घेतला, लिहिला, फाडला. दुसरा घेतला, फाडला. असे अकरा! बाराव्याला तात्यांनी त्याला खिडकीजवळ बोलावलं.

"ही तार वाचणार कोण?"

"मुलगा. दिल्लीला असतो."

"वाचून त्याने काय करायचं? निघून यायचं?"

शेतकऱ्याने फॉर्म खिडकीवर ठेवला. मग म्हणाला, "नको, यायला नको. त्याची आई आजारी होती, आता उठून बसली. एवढं त्याला कळावं. म्हणजे तो आज झोपेल."

"मग तेवढंच लिहा की!"

तार गेली: 'आई बरी. झोप.'

"माणसं आधी फॉर्म घेतात," तात्या म्हणाले, "आणि मग विचार करतात. आपण उलटं करायचं."

झालं! कॉफीच्या पुडीचा एक रिकामा डबा आला, त्याच्या झाकणाला फट पाडली. ज्याला वहीत लिहायचं असेल त्याने आधी एका चिठ्ठीवर दोनच ओळी लिहायच्या. पहिली, कोणासाठी. दुसरी, कशासाठी. चिठ्ठी डब्यात टाकायची. तात्या वाचणार. पटली तर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण, नाही पटली तर प्रश्नचिन्ह काढून परत. चिठ्ठी पास झाल्याशिवाय वही नाही! लेख झाला की ती चिठ्ठी त्याच पानाला टाचणीने लावायची. वाचणाऱ्याने आधी लेख वाचायचा, मग चिठ्ठी. आणि खाली लिहायचं: 'पोचलं' किंवा 'नाही पोचलं'.

सगळ्यांच्या चिठ्ठ्या कधी ना कधी पास झाल्या. एकच चिठ्ठी दीड वर्षं अडकली, ती तुंगाअक्काची. आणि नेमकी तिचीच पास होणं गरजेचं होतं. तिच्याकडे येतोच.

*

पहिली चिठ्ठी टाकली श्रीनिवासराव वकिलांनी. वकील म्हणजे आमच्यातले विद्वान. 'कोणासाठी: सर्वांसाठी. कशासाठी: ज्ञानवृद्धी व्हावी.'

प्रश्नचिन्ह!

वकील तणतणत तिण्णैवर आले. "सेतू, यात काय चूक आहे?"

"चूक काही नाही. हा 'सर्व' नावाचा माणूस राहतो कुठे? त्याला वही नेऊन द्यायला नको?"

दुसरी चिठ्ठी: 'मराठी समाजासाठी.' प्रश्नचिन्ह. तिसरी: 'कुंभकोणमच्या मराठी समाजासाठी.' प्रश्नचिन्ह. चौथी: 'सहा घरांसाठी.' तात्या म्हणाले, "आता गल्लीत आलात. अजून घर सापडलेलं नाही."

वकिलांना लिहायचं होतं काय, तर आपल्या घराण्याचा इतिहास. वही दोन महिने त्यांच्यापायी खोळंबली. शेवटी एक दिवस सहावी चिठ्ठी आली. अक्षर लहान झालं होतं.

'कोणासाठी: माझा धाकटा भाऊ गोपाळ. कशासाठी: मागच्या परसातल्या चिंचेच्या झाडावरून आम्ही नऊ वर्षं बोलत नाही. झाडाला यंदा फार चिंच आली आहे, हे त्याला कळावं.'

तात्यांनी लाल खूण केली.

लेख झाला बारा ओळींचा. घराण्याचा इतिहास तसाच राहिला. गोपाळराव दोनच गल्ल्या पलीकडे राहायचे. वही त्यांच्याकडे चार दिवसांऐवजी नऊ दिवस राहिली, आम्ही सगळे श्वास रोखून! परत आली तेव्हा चिठ्ठीखाली लिहिलेलं होतं:

'पोचलं. अर्धी पाठव.'

*

पद्मावैनी म्हणजे तात्यांची बायको. तिण्णैवरच्या सगळ्या कॉफीचा भार त्यांच्या एकटीवर. एक दिवस चौथ्यांदा आतल्या बाजूला आवाज गेला, "पद्मे, कॉफी!"

कॉफी आली नाही. एक कोरी चिठ्ठी आली. सोबत पेन्सिल.

आम्ही सगळे बघत होतो, त्यामुळे तात्यांना लिहिणं भाग पडलं. 'कोणासाठी: सेतुमाधव. कशासाठी: तरतरी यावी.'

चिठ्ठी आत गेली आणि प्रश्नचिन्ह घेऊन परत आली! तात्यांनी दुसरी लिहिली: 'कशासाठी: पाहुणे बसले आहेत.' पुन्हा प्रश्नचिन्ह. तेव्हा गोपाळराव म्हणाले (चिंचेनंतर तेही यायला लागले होते), "तात्या, हेतू प्रामाणिक नाही हो. वैनींना कळतं!"

तात्यांनी तिसरी लिहिली, हाताने झाकून. आत गेली. पाच मिनिटांनी वैनी स्वतः बाहेर आल्या, हातात एकच पेला, आणि येऊन आमच्यात बसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच बसल्या होत्या.

मी चिठ्ठीवर काय होतं ते विचारलं. वैनी म्हणाल्या, "पास झाली. एवढं पुरे!"

*

आता तुंगाअक्का.

अक्का विधवा. कॉलेजच्या मुलांसाठी घरगुती मेस चालवायची. आवाज खणखणीत. एकदा सांबाराला नाव ठेवणाऱ्या एका मास्तरांना तिने पाट उचलून सांगितलं होतं, "सर, उद्यापासून घरी जेवा, म्हणजे आमच्या सांबाराची आठवण येईल!" तिची एकुलती एक लेक सुशी. सुशीला गल्लीत सगळे 'रेडिओ' म्हणायचे. सकाळी चालू झाली की झोपेपर्यंत बंद नाही. कावळ्याशी बोलायची, चुलीशी बोलायची, चालत्या बसमधून रस्त्यावरच्या माणसाशी बोलायची.

तिचं लग्न झालं ते सोलापूरच्या मुलाशी. माणसं चांगली. पण लग्नातच एक गोष्ट झाली. मुलाकडच्या पोरींनी सुशीला हाक मारली, आणि सुशी आतून ओरडली, "मी येऊलें, थांबा!" म्हणजे, येतेच आहे; आमच्याकडे असंच म्हणतात. आमचं मराठी दोनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि त्याला पुढचं काही कोणी कळवलं नाही! त्या पोरींना गंमत वाटली. "वहिनी, पुन्हा बोला ना! अजून एकदा!" त्या कौतुकानेच हसत होत्या. सुशीही हसली. पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना रेडिओ बंद होता. ते अक्काने पाहिलं.

त्यानंतर सोलापूरहून पत्रं यायची ती अशी: 'ती. अम्मास सा. न. सर्व क्षेम. काळजी नसावी.' चार ओळी. दर महिन्याला त्याच चार ओळी!

अक्काला देवनागरी येत नव्हती. अक्काची पत्रं मीच लिहायचो. मी एकदा म्हटलं, "अक्का, तुम्ही तमिळमध्ये लिहा की. सुशीला वाचता येतं."

"आणि तिथे दुसऱ्या कोणाला येतं?" अक्का म्हणाली. "पत्र घरात सगळ्यांसमोर उघडतात रे. तमिळ अक्षर दिसलं की त्यांना वाटणार, आई आणि लेक काहीतरी लपवूलेत. नक्को."

मराठीत लिहिलं तर सगळे वाचणार, म्हणून लेक खरं लिहिणार नाही. तमिळमध्ये लिहिलं तर संशय. लेक सुखात आहे की नाही, हे आईला कळायला वाटच नव्हती.

म्हणून अक्काने ठरवलं, आपण वहीत लिहायचं, मी सांगेन, रघू (म्हणजे मी) लिहील, आणि वही सोलापूरला पाठवायची. वही म्हणजे पत्र नाही, सगळ्यांनी मिळून वाचायची गोष्ट. कोणाला खटकणार नाही.

पण चिठ्ठी पास व्हायला हवी!

पहिली चिठ्ठी: 'कोणासाठी: सुशी. कशासाठी: ती सुखात आहे का, ते मला कळावं.'

तात्यांनी पेन्सिल उचलली, ठेवली, उचलली. मग हळूच प्रश्नचिन्ह केलं. "तुंगाबाई, वाचून ती काय करेल? 'सर्व क्षेम' लिहील. तुम्हाला कळणार कसं?"

अक्का चिठ्ठी कमरेला खोचून घरी गेली. त्या दिवशी मेसमध्ये सांबार खारट झालं. कोणी नाव ठेवलं नाही.

*

मधे माझी फजिती सांगून टाकतो.

आमच्यातला वेंकोबा पितळी दिवे घडवायचा. अतिशय लाजाळू. त्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि तिला तिरुक्करुगावूरच्या देवीला न्यायचं होतं. आमच्या भागात गरोदर बायका तिथे जातातच. मी आदल्याच महिन्यात जाऊन आलो होतो. म्हटलं, लिहू या!

माझी चिठ्ठी: 'कोणासाठी: वेंकोबा आणि त्याची बायको. कशासाठी: त्यांचा प्रवास सुखाचा व्हावा.' पास! तात्या म्हणाले सुद्धा, "रघूला कळलंय."

मग मी लेख लिहिला. चौदा पानं. गोपूर किती उंच, खांब किती, दोन खांबांमधलं अंतर किती पावलं, तळ्याला पायऱ्या किती. मोजून आणलं होतं सगळं!

तात्यांनी लेख वाचला, मग चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "रघू, सातव्या महिन्यातली बाई खांब मोजणार आहे काय?"

मी घरी जाऊन चौदा पानं बाजूला ठेवली. पुन्हा लिहिलं, अकरा ओळी. कुठली बस कमी हलते. कुठे उतरायचं म्हणजे चालायला कमी. गोड पाण्याचा नळ कुठला. आणि दक्षिणेच्या दाराबाहेर एक मोठं झाड आहे, त्याच्या सावलीला बसावं.

वही परत आली. वेंकोबाने लिहिलं होतं: 'पोचलं. नळ गोड आहे. झाड तोडलं आहे. बायको पोलिसाच्या छत्रीखाली बसली. पोलीस उन्हात उभा राहिला.'

मुलगी झाली. आजही ती मला पाहिलं की विचारते, "मामा, खांब किती?"

*

हा वेंकोबा स्वतः फार गमतीचा. त्याने दोन वर्षांत सतरा चिठ्ठ्या टाकल्या. सतराच्या सतरा पास! आणि लेख एकही नाही.

तात्यांनी विचारलं, "अरे, चिठ्ठी पास झाल्यावर लिहीत का नाहीस?"

"तात्या," वेंकोबा जमिनीकडे पाहत म्हणाला, "कोणासाठी आणि कशासाठी हे एकदा नक्की झालं की मनाला इतकं बरं वाटतं, की मग लिहायला काही उरतच नाही!"

म्हणून त्याला आम्ही वही घरोघर पोचवायचं, आणि बाहेरगावी जायची असेल तर पोस्टात टाकायचं काम दिलं. निदान पार्सल तरी बांधेल!

हे लक्षात ठेवा.

*

अक्काची दुसरी चिठ्ठी आली सहा महिन्यांनी. 'कशासाठी: तिने सासरी धीर धरावा.'

तात्यांनी हातात घेण्याआधीच अक्काने ती परत ओढून घेतली. "नक्को! कसला धीर? काय झालंय तेच मला ठाऊक नाही, आणि मी धीर धर म्हणून सांगू?" तिथेच फाडली.

त्यानंतर वर्षाने तिसरी: 'कशासाठी: वाटलं तर तिने घरी यावं.' ही मात्र तात्यांनी वाचली. खूप वेळ हातात धरली.

"तुंगाबाई, ही मी पास करतो. पण एकदा विचारतो. तिने यावं, असं तुम्हाला वाटतं?"

"मला कुठे वाटतं यावं!" अक्का एकदम रडवेली झाली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. "तिने तिथेच राहावं. पण तिच्यासारखं राहावं! गप्प राहून कोणी सुखी असतं काय?"

पद्मावैनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अक्का, हे सुशीला सांगून काय होणार? ती गप्प आहे हे तिला माहीतच आहे."

समोरून पानांच्या टोपल्या लादलेली गाडी गेली, ती वळेपर्यंत अक्का तिच्याकडे बघत राहिली.

"सरी," ती म्हणाली. म्हणजे, ठीक. "रघू, चिठ्ठी घे. लिही."

मी लिहिलं ते असं:

'कोणासाठी: सुशीच्या सासूबाई. कशासाठी: सुशी बोलत असली की बरी असते. बोलत नसली तर तुम्ही तिला विचारावं, एवढ्यासाठी.'

तात्यांनी लाल पेन्सिल घेतली. टोक मोडलं होतं. त्यांनी ते नीट करून आणलं आणि मग खूण केली.

*

आणि आता माझी चूक. इतका नीटनेटका माणूस मी, पण घोळ झाला तो त्या नीटनेटकेपणानेच!

माझी पद्धत अशी: आधी सगळं कच्चं डायरीत लिहायचं, मग वहीत उतरवायचं. रविवारी अक्का माझ्या घरी बसून दोन तास बोलली. सुशी कधी बोलायला लागली, कावळ्याशी काय बोलायची, ताप आला की गप्प व्हायची आणि तेवढ्यावरून अक्काला ताप कळायचा. मी सगळं डायरीत घेतलं. सोमवारी संध्याकाळी वहीत उतरवायचं ठरलं. तोवर तयारी म्हणून वहीचं कोरं पान काढलं, आणि लाल खुणेची चिठ्ठी टाचणीने लावून ठेवली.

सोमवारी मी आडुतुरैला. दुपारी वेंकोबा घरी आला. वही टेबलावर, चिठ्ठी लावलेली, लाल खूण झालेली. त्याने कागदात गुंडाळली, सुतळीने बांधली आणि रजिस्टर पोस्टाने सोलापूरला पाठवली!

मी संध्याकाळी आलो तर टेबल रिकामं. धावत वेंकोबाकडे गेलो.

"अरे, लेख कुठे होता त्यात!"

"चिठ्ठी होती ना," वेंकोबा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "पास झालेली होती. मला वाटलं, झालं."

त्याच्याकडून हेच व्हायचं होतं, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं!

मी, वेंकोबा आणि तात्या असे तिघे अक्काकडे गेलो. मी सगळं सांगितलं. अक्का भाताची परात पुसत होती.

"म्हणजे पान कोरं?"

"कोरं."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी आहे."

अक्का खाली बसली. मी म्हटलं, "मी आजच लेख उतरवतो. उद्या वेगळ्या पाकिटात पाठवू."

"नक्को," अक्का म्हणाली. "एकदा दार वाजवलं. आता आतून कोणी येतं का, ते पाहायचं. पुन्हा पुन्हा वाजवलं की लोक दार उघडत नाहीत."

वेंकोबा रडायला आला होता. अक्काने त्याला दोन घास भात वाढला आणि म्हणाली, "खा रे. तार तरी गेली. हो की नाही, तात्या?"

तात्या म्हणाले, "गेली."

*

माझ्या डायरीत पुढचे चोवीस दिवस, रोज, बसच्या वेळेखाली एकच नोंद आहे: 'वही नाही.'

पंचविसाव्या दिवशी पोस्टमन आला तो थेट अक्काच्या दारात. सही घेतली. अक्काने पार्सल उघडलं नाही. मला निरोप पाठवला. मी पोचलो तेव्हा तात्या, पद्मावैनी, वकील, गोपाळराव, सगळे आधीच बसलेले. वेंकोबा दाराबाहेर.

मी सुतळी सोडली. कोरं पान भरलेलं होतं. ते संपून पुढची चार पानं भरलेली होती. अक्षर मोठं, गोल, अनोळखी. अक्काच्या चिठ्ठीखाली लिहिलेलं होतं: 'पोचलं.' आणि तिच्या शेजारी दुसऱ्या टाचणीने एक नवी चिठ्ठी लावलेली.

'कोणासाठी: विहीणबाई. कशासाठी: ऐकण्यासाठी.'

मी वाचायला लागलो.

'मागची पानं वाचून तुमची पद्धत कळली. तिला विचारलं. ती म्हणाली, सर्व क्षेम. मी म्हटलं, तुझ्या आईच्या चिठ्ठीत ते चालत नाही. पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी भाकऱ्या करताना सुरू झाली. मी पाटावर वही घेऊन बसले. जसं बोलली तसं लिहिलं आहे, माझं काही घातलेलं नाही.

'आई, काय करूलात? सरका, मी थापतें. अय्यो, ही भाकरी बघा, नदीतल्या बेटासारखी झाली, चारी बाजूंनी पाणी लागलंय. हसूलात काय? हसा, हसा. तुम्ही अशा हसलात की मला भीती नाही वाटत, त्या दिवशी सगळे मिळून हसले ना, तेव्हा वाटली. आमच्याकडे अम्मा भाकरी नाही करत, सकाळी भात, दुपारी भात, माणूस आपटला तर आतून भातच सांडेल. आणि अम्माचं सांबार खाऊन तुमचे चिरंजीव म्हणाले असते, सुशे, तू राहा इथे, मी जातो कुंभकोणमला. आई, तुमच्या खिडकीत कावळा येतो ना, एका पायाने लंगडतो, त्याला मी तमिळ शिकवूलें, तुम्हाला सांगितलं नाही. त्याला तीन शब्द येतात. हे काय, लिहूलात काय? सगळं? मी श्वास घेतला तेही लिहिणार?'

हे पहिलं अर्धं पान. अशी आणखी साडेचार.

मी सगळी वाचली. मेसच्या पंगतीची वेळ झाली होती. अक्का मधेच उठली, आत जाऊन भाताखालचा जाळ कमी केला, आणि परत येऊन आपल्या जागी बसली. पदराने हात पुसले.

"रघू, पुन्हा पहिल्यापासून वाच," ती म्हणाली. "आणि असं वाक्यावाक्याला थांबू नको. ती थांबत नाही."